पोर्टेबल हार्ड डिस्क लावली की 'टिंग' वाजतं, पण 'दिस पीसी'मध्ये दिसत नाही. काय करावं?

ओवीवेडी
मंडळी, तातडीची मदत हवी आहे. माझ्याकडे १ टीबीची पोर्टेबल हार्ड डिस्क आहे, अडीच इंची, वेगळा अडॅप्टर नसलेली. सावंतवाडी आणि दोडामार्ग तालुक्यांतल्या वाड्यावाड्यांतून म्हाताऱ्या बायकांकडून ध्वनिमुद्रित केलेल्या जात्यावरच्या ओव्या, फुगडीची आणि लग्नातली गाणी असं सगळं तिच्यात आहे. परवापरवापर्यंत नीट चालत होती.

आता डेस्कटॉपच्या पुढच्या यूएसबी पोर्टला लावली की डिस्कवरचा दिवा लागतो, विंडोजचा 'टिंग' आवाजही येतो, पण 'दिस पीसी' उघडलं की फक्त सी आणि डी. कधी कधी टिंग वाजून दोन सेकंदांत डिस्क काढल्याचा उलटा आवाज येतो आणि पुन्हा टिंग. विंडोज १० आहे. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, फरक नाही.

बाजारातल्या दुकानदाराने "फॉरमॅट मारून देतो, नव्यासारखी होईल" असं सांगितलं. मला डिस्क नव्यासारखी नको आहे, आतल्या ओव्या हव्या आहेत. गाणाऱ्यांपैकी काही आज्या आता हयात नाहीत. काय तपासायचं, कोणत्या क्रमाने, आणि काय अजिबात करायचं नाही, हे कुणी सांगेल का?

रानमेवा
ताय, फॉरमॅट अजिबात करू नको हां. ह्या काम परत होवचा नाय.

वायरमन_कुडाळ
ताई, आधी डिस्कला नाही, केबलला आणि पोर्टला धरा. टिंग वाजून लगेच उलटा आवाज येतो आणि पुन्हा टिंग होतं, याचा बहुतेक वेळा अर्थ डिस्कला पुरेसा करंट मिळत नाहीये.

अडीच इंची डिस्क सगळी वीज यूएसबीमधूनच घेते. यूएसबी २ च्या पोर्टने ५०० मिलीअँपिअर द्यायचे असतात, यूएसबी ३ च्या पोर्टने ९००. मोटार फिरायला सुरुवात होते तेव्हा डिस्क सर्वांत जास्त करंट ओढते. कॅबिनेटच्या पुढचे पोर्ट आतून एका वायरने मदरबोर्डला जोडलेले असतात. ती वायर लांब, त्यात कनेक्टर सैल झालेला, त्यावर धूळ. तिथेच व्होल्टेज पडतं.

म्हणून कॅबिनेटच्या मागे जा, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टमध्ये लावा, निळा (यूएसबी ३ चा) असेल तर उत्तम. हब नको, एक्स्टेन्शन नको. केबल बदला, आणि बदली केबल आखूड घ्या. या डिस्कची रुंद, मधे खाच असलेली पिन डिस्कच्या बाजूला हलून हलून सैल होते. लावल्यावर बोटाने किंचित हलवून बघा, दिवा मिचमिचला तर केबल किंवा सॉकेट गेलंय.

तात्या_सोलापूर
दिवा लागतो म्हणजे डिस्क जिवंत आहे. कमांड प्रॉम्प्ट उघडून चेकडिस्क मारा, एफ स्विच लावून. माझ्या दोन पेनड्राइव्ह त्याने जाग्या झाल्यात.

मृण्मयी_नाशिक
तात्या, तुमच्याबद्दल आदर आहे, पण इथे चेकडिस्क नको. ओवीवेडी, कृपया थांबा.

चेकडिस्कचं काम फाइल सिस्टिम सुसंगत करणं आहे, तुमच्या फाइली वाचवणं नव्हे. जी नोंद जुळत नाही ती तो छाटतो आणि ते छाटणं थेट त्याच डिस्कवर लिहितो. पेनड्राइव्हमध्ये गाण्यांची प्रत असेल तर बिघडलं तरी चालतं. इथे प्रत नाही. शिवाय डिस्कला ड्राइव्ह लेटरच (सी, डी सारखं अक्षर) नाही, तर चेकडिस्क मारणार कशावर?

आणि दिव्याबद्दल. दिवा लागला म्हणजे डब्याला वीज मिळाली, एवढंच. टिंग वाजलं म्हणजे डब्यातल्या छोट्या सर्किटने, जे यूएसबीचं साटामध्ये (आतल्या डिस्कच्या जोडणीत) रूपांतर करतं, त्याने विंडोजला ओळख दिली. त्याच्या मागची खरी डिस्क फिरतेय का, तिच्यावरचं विभाजन (पार्टिशन) वाचता येतंय का, त्याला अक्षर मिळालंय का, हे सगळं अजून पुढे आहे. कुठल्या पायरीवर अडलंय ते आधी बघू. वायरमनदादांनी सांगितलेलं करा, मग विंडोजचं बटण आणि एक्स एकत्र दाबा, यादीतून डिस्क मॅनेजमेंट उघडा आणि तिथे काय दिसतं ते इथे लिहा. तिथलं कुठलंही बटण दाबू नका. विशेषतः 'इनिशियलाइज डिस्क' अशी खिडकी आपणहून उघडली तर कॅन्सल करा. ती नवीन विभाजन तक्ता लिहिते.

एक विचारायचं राहिलं, डिस्कमधून आवाज कसा येतो? कानाजवळ नेऊन ऐका. मऊ घरघर असेल तर ठीक. ठरावीक अंतराने टक्-टक् येत असेल तर लगेच काढा आणि पुन्हा लावू नका.

तात्या_सोलापूर
पटलं. अक्षराचा मुद्दा माझ्या लक्षात नव्हता.

देवगडचा_हापूस
टक्-टक् असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. आमच्या ऑफिसात एकाची चालू झाली होती.

वायरमन_कुडाळ
हापूसभाऊ, कोकणात राहून हे सांगताय! फ्रीजरमधून काढलेली बाटली टेबलावर ठेवली की पाणी सुटतं ना, तसंच डिस्कवरही सुटणार. वाचणारं हेड आतल्या फिरत्या तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं, तिथे बाष्पाचा थेंब म्हणजे ओरखडाच. ते जुन्या काळच्या डिस्कचं प्रकरण आहे, तेही नशिबाने.

देवगडचा_हापूस
बरं बाबा, फ्रीजर आंब्यांसाठी ठेवतो :)

कॅन्टनकर
मिशिगनहून. एक वेगळी शक्यता. ताई, ही डिस्क मधे कुणाच्या मॅकला लावली होती का? एपीएफएस या मॅकच्या नव्या किंवा त्याच्या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेली डिस्क विंडोजला वाचता येत नाही, तो सरळ फॉरमॅट करायला सांगतो. उलट एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या पद्धतीची, डिस्क मॅकला वाचता येते, पण त्यावर लिहिता येत नाही. म्हणून लोक दोघांनाही चालणारी एक्सफॅट पद्धत वापरतात.

मॅकवाल्यांसाठी जाता जाता: एक्सफॅट डिस्क इजेक्ट न करता ओढून काढली की पुढच्या वेळी मॅक आधी तिची तपासणी करत बसतो. तोवर फाइंडरमध्ये काहीच दिसत नाही. डिस्क मोठी असेल तर याला बराच वेळ लागतो. लोक घाबरून पुन्हा ओढून काढतात आणि तपासणी पुन्हा पहिल्यापासून. अशा वेळी डिस्क लावून जेवायला जावं. फाइंडरच्या सेटिंगमध्ये 'एक्स्टर्नल डिस्क'समोरची खूण निघालेली नाही ना, हेही बघावं.

पेठेतला
टीव्हीला लावली होती का, हेही विचारा. माझ्या सासऱ्यांनी लग्नाचा व्हिडिओ बघायला डिस्क टीव्हीला लावली. टीव्हीने 'रेकॉर्डिंगसाठी डिस्क तयार करू का' असं विचारलं, त्यांनी ओके दाबलं. टीव्हीने तिला स्वतःच्या पद्धतीने फॉरमॅट केलं. नंतर लॅपटॉपला काही दिसेना. सेट टॉप बॉक्सही तेच करतात. घरच्या ज्येष्ठांना हे सांगून ठेवा.

मृण्मयी_नाशिक
पेठेतला, हे फार महत्त्वाचं लिहिलंत.

गिरगावचौपाटी
इतकी कटकट कशाला? डबा उघडा, आतली डिस्क काढा, डेस्कटॉपच्या साटा केबलला थेट लावा. सर्किट खराब असेल तर वाचेल. लॅमिंग्टन रोडला पूर्वी सर्रास करून द्यायचे.

वायरमन_कुडाळ
पूर्वीच्या डिस्कला हे चालायचं, आणि साडेतीन इंची, अडॅप्टरवाल्या डिस्कमध्ये आजही बहुधा चालेल. पण अडीच इंचीमध्ये हल्ली बऱ्याच कंपन्या यूएसबीचं सॉकेट डिस्कच्या मुख्य बोर्डवरच सोल्डर करतात. डबा उघडला तर साटाची जागाच नसते. काही मॉडेलमध्ये तर पासवर्ड लावला नसला तरी त्या सर्किटमधली चिप सगळा डेटा एन्क्रिप्ट करून लिहिते. म्हणजे सर्किट बदललं की डिस्क फिरते, पण वाचलेलं सगळं कचरा.

डबा म्हणजे बाहेरचं प्लास्टिक. आतल्या डिस्कचं धातूचं झाकण मात्र कुणीही, कधीही घरी उघडू नये. त्यासाठी क्लीन रूम लागते.

गिरगावचौपाटी
सोल्डरचं माहीत नव्हतं. माझ्याकडच्या डिस्क सगळ्या साडेतीन इंची आहेत, त्यांना हे करतो मी. अडीचसाठी शब्द मागे.

ओवीवेडी
सगळ्यांचे आभार. मॅकला किंवा टीव्हीला डिस्क कधीच लावली नव्हती. मागच्या पोर्टला, नव्या आखूड केबलने लावली. आता टिंग एकदाच वाजतं, उलटा आवाज बंद झाला. घरघर मऊ आहे, टक्-टक् नाही.

डिस्क मॅनेजमेंटमध्ये खाली 'डिस्क २' अशी पट्टी दिसते. ९३१ जीबी, त्याखाली 'रॉ' असं लिहिलंय. 'दिस पीसी'मध्ये आता 'एफ' आलंय, पण क्लिक केलं की "वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल" अशी खिडकी येते. कॅन्सल केलं. १ टीबीची डिस्क ९३१ कशी दाखवतेय? ६९ जीबी गेले की काय?

पेठेतला
काही गेलं नाही. कंपनी १ टीबी म्हणजे दहा लाख एमबी मोजते, विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं. नवीन डिस्कही ९३१ च दाखवते. उलट ही चांगली बातमी आहे, डिस्क आपली पूर्ण लांबी बरोबर सांगतेय.

मृण्मयी_नाशिक
खूपच चांगली बातमी. वीज, केबल, सर्किट, मोटार सगळं ठीक. अडलंय ते फाइल सिस्टिमच्या पायरीवर. 'रॉ' म्हणजे विभाजन आहे, पण त्याची सुरुवात विंडोजला समजत नाहीये. ओव्या जिथे होत्या तिथेच असण्याची दाट शक्यता आहे.

आता इथून पुढे एकच गोष्ट पाळायची: मूळ डिस्कवर काहीही लिहायचं नाही. आधी तिची हुबेहूब प्रतिमा काढायची, म्हणजे सबंध डिस्क जशीच्या तशी एका फाइलमध्ये उतरवायची, दुरुस्तीचे सगळे प्रयोग त्या प्रतिमेवर.

क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर उघडा आणि ०५ आणि सी५ या दोन ओळी बघा. ०५ म्हणजे डिस्कने खराब ठरवून बाजूला काढलेले सेक्टर, सी५ म्हणजे वाचताना अडलेले आणि अजून निकाल न लागलेले. त्या आकड्यांच्या जागी शून्य नसेल तर घाई वाढवा.

दुसरी डिस्क २ टीबीची घ्या आणि एनटीएफएसमध्ये ठेवा. फॅट३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, तुमची प्रतिमा ९३१ ची होणार. मग लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून (इन्स्टॉल न करता थेट चालणाऱ्या) कॉम्प्युटर सुरू करा, म्हणजे विंडोज मधे हात घालणार नाही. प्रतिमा काढायला जीएनयू डीडीरेस्क्यू हे सॉफ्टवेअर वापरा. ते आधी सहज वाचता येणारा भाग भराभर उचलतं, अडलेल्या जागा नंतरसाठी ठेवतं आणि कुठवर आलंय त्याची नोंद मॅपफाइलमध्ये ठेवतं. लाइट गेली तरी तिथूनच पुढे चालू करता येतं.

फक्त एक ठिकाणी डोळ्यांत तेल घालून बघा. कमांडमध्ये आधी जुनी डिस्क येते, मग जिथे प्रत जाणार ती. उलट झालं तर सगळं पुसलं जाईल. दोन्ही डिस्कचा आकार आणि मॉडेल नंबर वाचून खात्री केल्याशिवाय एंटर दाबू नका. शक्य असेल तर शेजारी कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा.

तात्या_सोलापूर
हे सगळं एवढं करण्यापेक्षा रिकव्हरी सॉफ्टवेअर थेट डिस्कवर चालवलं तर? स्कॅन म्हणजे नुसतं वाचणंच ना?

मृण्मयी_नाशिक
तात्या, निरोगी डिस्कवर चालेल. पण ही डिस्क निरोगी आहे का ते आपल्याला माहीत नाही. प्रत्येक स्कॅन म्हणजे हेडची सबंध डिस्कवर एक फेरी. पहिलं सॉफ्टवेअर जमलं नाही म्हणून दुसरं, दुसरं नाही म्हणून तिसरं, असं होत जातं. डिस्क दमत चालली असेल तर तिच्या उरलेल्या फेऱ्या प्रत काढण्यावर खर्च कराव्यात.

तात्या_सोलापूर
हे मात्र शंभर टक्के मान्य. वाचनखूण साठवली.

रानमेवा
अवांतर: माझ्या भाच्याच्या पेनड्राइव्हमध्ये झेरॉक्सच्या दुकानातून आल्यावर सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झाले. आत काहीच नाही. ते पण असंच काही का?

पेठेतला
नाही, तो व्हायरस. खरे फोल्डर तिथेच असतात, फक्त सिस्टिम आणि हिडन करून ठेवलेले. शॉर्टकटवर क्लिक करू नका, त्यानेच तो पसरतो. अँटिव्हायरसने साफ करून मग ॲट्रिब कमांडने हिडन काढा. पेनड्राइव्हची भरलेली जागा बघा, ती पूर्वीइतकीच असेल तर डेटा शाबूत आहे.

कॅन्टनकर
सेफली रिमूव्हवरही कुणीतरी लिहा. माझा मुलगा म्हणतो, आता त्याची गरज नाही.

वायरमन_कुडाळ
मुलाचं अर्धं बरोबर. २०१८ च्या शेवटी आलेल्या विंडोज १०, १८०९ आवृत्तीपासून बाहेरच्या डिस्कसाठी 'क्विक रिमूव्हल' हेच मूळ सेटिंग झालं. विंडोज लिहिण्याचं काम मागे साठवून ठेवत नाही. पण फाइल लिहिली जात असतानाच केबल निघाली तर कुठलंही सेटिंग वाचवत नाही. ताईंच्या पुढच्या पोर्टला तेच होत असावं: करंट पडला, डिस्क मधेच तुटली, पुन्हा जोडली गेली, आणि नेमकी तेव्हा काहीतरी लिहीत होती. मी अजूनही प्रत्येक वेळी इजेक्ट करतो.

ओवीवेडी
कळवायला उशीर झाला, पण बातमी छान आहे.

०५ ला शून्य होतं, सी५ ला नाही. म्हणून मृण्मयी म्हणाल्या तसंच केलं. धाकटा दीर कॉलेजात लिनक्स शिकला होता, त्याला शेजारी बसवून मॉडेल नंबर मोठ्याने वाचले. प्रतिमा रात्रभर चालली. मधे एके ठिकाणी वेग एकदम पडला तेव्हा पोटात गोळा आला, पण ते तो भाग सोडून पुढे गेलं आणि शेवटी परत येऊन त्यातलं बरंच वाचून काढलं. अगदी किरकोळ भाग राहिला.

प्रतिमेवर टेस्टडिस्क हे विभाजन दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर चालवलं. त्यात लिहून आलं की बूट सेक्टर (विभाजनाची सुरुवात) खराब, बॅकअप बूट सेक्टर ठीक. पुढे काय करू हे विचारायला इथे येणार होते, पण खालीच 'बॅकअप बीएस' असा पर्याय होता. प्रतिमेचीही आधी एक प्रत केली आणि मग तो निवडला. फोल्डर उघडले. 'फुगडी', 'कळशी', 'धालो', सगळी मराठी नावं जशीच्या तशी!

एकच अडचण. काही डब्ल्यूएव्ही फाइली उघडत नाहीत. प्लेअर म्हणतो फाइल खराब आहे. त्यांचा आकार मात्र बरोबर दिसतोय.

मृण्मयी_नाशिक
वा! किती बरं वाटलं वाचून. एनटीएफएस आपल्या बूट सेक्टरची एक प्रत विभाजनाच्या अगदी शेवटच्या सेक्टरमध्ये ठेवतं, ती कामी आली. फोटोरेकपर्यंत जावं लागलं नाही हेही बरं झालं. तो फाइली शोधून देतो, पण मूळ नावं आणि फोल्डर हरवतात. कुठली ओवी कोणत्या आजींची हे मग पुन्हा ऐकून लावत बसावं लागलं असतं.

कॅन्टनकर
डब्ल्यूएव्हीसाठी: या फाइली दाबलेल्या नसतात, आवाजाचे आकडे सलग लिहिलेले असतात. सुरुवातीचा छोटा मथळा बिघडला की प्लेअर हात वर करतो, पण पुढचा आवाज तसाच असतो. ऑडासिटीत फाइल मेनूमध्ये इम्पोर्ट, त्यात 'रॉ डेटा' निवडा. तुमचा रेकॉर्डर कशावर लावलेला असतो ते द्या, उदाहरणार्थ ४८,००० हर्ट्झ, २४ बिट, मोनो की स्टिरिओ. चुकीचं दिलं तर नुसती खरखर येईल किंवा आवाज भलत्याच वेगाने धावेल. त्याने काही बिघडत नाही, दुसरं देऊन बघा.

ओवीवेडी
झालं!! ४४,१०० आणि १६ बिट. पहिल्याच फाइलमध्ये आधी जात्याची घरघर, मग आजींचं खोकणं, आणि मग ओवी. मधे क्षणभर आवाज गेलाय, बाकी सगळं आहे. कॅन्टनकर, मृण्मयी, वायरमनदादा, कसे आभार मानू?

वायरमन_कुडाळ
आभार नकोत. जुनी डिस्क आता कामाला लावू नका, सी५ शून्य नाही म्हणजे ती जायच्या वाटेवर आहे. लेबल लावून कपाटात ठेवा. आणि त्या पुढच्या पोर्टला फक्त माऊस लावा.

पेठेतला
आणि प्रतींचं आजच ठरवा. तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. पीटर क्रोग या छायाचित्रकाराने हा नियम रूढ केला. घराबाहेरची प्रत माहेरी ठेवली तरी चालेल.

गिरगावचौपाटी
या ओव्या आम्हाला ऐकायला मिळतील का?

ओवीवेडी
ज्या आज्या आहेत त्यांना आणि ज्या गेल्या त्यांच्या घरच्यांना आधी विचारते. ज्यांची परवानगी मिळेल त्या इथे टाकीन. घराबाहेरची प्रत तालुक्याच्या वाचनालयात ठेवायचं बोलणं चालू आहे.

सांगलीकर_शिक्षक
धागा वाचून डिस्क मॅनेजमेंट उघडलं. परीक्षेचे कागद असलेली माझी डिस्कही दिसत नव्हती. तिथे मात्र 'हेल्दी', एनटीएफएस, सगळं व्यवस्थित आहे, फक्त अक्षर नाही. हिलाही प्रतिमा काढायला हवी का?

मृण्मयी_नाशिक
नको सर. त्या पट्टीवर राइट क्लिक करा, 'चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स', मग 'ॲड', आणि यादीतलं शेवटाकडचं एखादं अक्षर द्या. शाळेच्या नेटवर्कवरचा एखादा फोल्डर तुमच्या कॉम्प्युटरवर ड्राइव्ह म्हणून जोडलेला असेल तर दोघांत एकाच अक्षरावरून भांडण होतं आणि डिस्क लपते. उघडली की आधी परीक्षेचे कागद दुसरीकडे कॉपी करा.

सांगलीकर_शिक्षक
'एस' दिलं, लगेच उघडली. कॉपी चालू आहे.